मानसिंगला ओळखतं कोण?

भोंगा वाजत होता, आणि माधवनगरच्या एका सूतगिरणीच्या फाटकात नवा पहारेकरी हरणा नावाच्या कामकरी पोरीची वाट अडवून उभा होता.

"बिल्ला?"

"घरी ऱ्हायला. काल तुमीच सोडलंत की मला आत!"

"सोडलं. बिल्ला बघून."

फाटक लागलं. हरणाचा खाडा पडला. एवढा संताप तिला जन्मात आला नव्हता... आणि त्या मेल्याचे पिंगट डोळे तर घरी पोचेपर्यंत पिच्छा सोडेनात!

लढाई संपल्यावर पलटणीतून सुटून आलेला हा मानसिंग, साताऱ्याकडचा. दुसऱ्या दिवसापासून हरणा पितळी बिल्ला त्याच्या नाकासमोर धरायची. तो बिल्ल्याकडे कमी आणि तिच्याकडेच जास्त बघायचा. तिचा पारा आणखी चढायचा.

"डोळं हायत का खोबण्या?" एका दुपारच्या सुट्टीत तिनं त्याला गाठलंच. "रोज बघता, तरी वळखत न्हाई?"

"बघतो की... लय बघतो." तो लाजला. मग त्याचा चेहरा उतरला. "पर माज्या डोळ्यांवर माजाच इस्वास न्हाई."

"का?"

"पलटणीत गळ्यात आयडेंटिटीची चकती असायची. तिथं आमाला शिकवणारे मास्तर सांगायचे, ह्यो शब्द लॅटिनमधनं आलाय, मूळ अर्थ 'तोच'. माणूस तोच हाय, ह्ये चकती सांगायची. इटलीत एक मेलेला जवान घावला, चकती न्हवती. साहेबानं इचारलं, आन् म्या चिखलानं माखलेलं तोंड बघून बोललो, ह्यो आमचा अर्जुनाच. त्याच्या गावाला, खंडाळ्याला, तार गेली. त्याच्या बायकोनं, रंगूबाईनं, बांगड्या फोडल्या... आन् अर्जुना दवाखान्यात जिता हुता!"

हरणाचे डोळे भरले. पण तोंडी आला तो रागच.

"मग त्या बाईची माफी मागितली?"

"कुठल्या तोंडानं जाऊ?"

"ह्याच तोंडानं! तिथं जायचं भ्या वाटतं, म्हणून हितं आमाला अडवता व्हय? आदी खंडाळ्याला जावा. तवर माज्याकडं बघायचं न्हाई!"

"आन् जाऊन आलो तर?"

"तर..." तिचे कान तापले. "तर आमच्या आबास्नी भेटा."

त्यानंतर मानसिंग फाटकावर दिसलाच नाही. पळाला भित्रा! सूत तुटलं की हरणा त्याला शिव्या घालायची, आणि भोंगा झाला की फाटकाकडे बघायची.

एका रविवारी तो हरणाच्या घरी दारात उभा राहिला. सोबत लंगडणारा एक गडी आणि हिरवा चुडा भरलेली बाई.

हरणाचा बाप तात्याबा कुणाच्या गोड बोलण्याला भुलणारा नव्हता. "सोयरीक म्हणता, पर ह्या परक्या गड्याला हितं वळखतं कोण?"

"म्या!" बाई कडाडली. "म्या रंगूबाई. ह्याच्या एका बोलण्यानं जित्या नवऱ्याची रांडाव झाले म्या. आठ दिस आमच्या दारात बसला, आठ दिस म्या शिव्या घातल्या. उठला न्हाई. माजी धाकटी भन असती, तर ह्यालाच दिली असती."

लंगडणारा अर्जुना नुसता हसला. मानसिंगची मान खालीच होती.

"आबा," दाराआडून हरणा फणकारली, "त्यांस्नी इचारा, येवढा उशीर का लावला?"

आणि राग अजून नाकाच्या शेंड्यावर असतानाच ती चहाचं आधण ठेवायला आत पळाली.