नवव्या पायरीवर

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाही तर सोडून द्या. पण ही घडलेली गोष्ट आहे, आणि ज्यांच्या बाबतीत घडली ते गृहस्थ आजही चांगले हयात आहेत.

आणि हो, रात्र नव्हती. वीज गेली नव्हती. कुठे कुत्रंबित्रं रडत नव्हतं.

मंगळवार होता. दुपारचे पावणेचार. रेकॉर्डिंग स्टुडिओतल्या एसीने सगळ्यांचे पाय गार पडले होते.

त्यांना सगळे मामा म्हणतात. सख्खा भाचा एकही नाही, पण शिपायापासून निर्मात्यापर्यंत सगळ्यांचे ते मामाच.

मामांचं काम काय? चालायचं.

हसू नका. सिनेमात नट चालतात ना, त्यांच्या पावलांचा आवाज शूटिंगच्या वेळी नीट येत नाही. तो नंतर बंद खोलीत, पडद्यावर बघत, दुसऱ्याच कोणीतरी चालून भरायचा असतो. एक लाकडी फळी, फरशीचा एक तुकडा, वाळूचा ट्रे... आणि चपला-बुटांनी भरलेली पोती. पुरुषांची पावलं मामांची. बायकांची त्यांच्या थोरल्या बहिणीची, ताईची. सत्तावीस वर्षं ही जोडी होती.

ताई आठ महिन्यांपूर्वी गेली.

तिचं पोतं तसंच खुंटीला टांगलेलं होतं. काढायला कोणाचा हात धजला नव्हता.

तर सिनेमा होता एका जुन्या, नावाजलेल्या कादंबरीवरचा. ऐंशी वर्षांपूर्वीचा काळ. मोठ्या घरातली धाकटी सून पहाटे, सगळे झोपेत असताना, लेकीला वरच झोपलेली सोडून अनवाणी जिना उतरते आणि घर सोडून जाते. तेरा पायऱ्या, मग दगडी फरशी, मग दार. साडेतीन मिनिटं. दिग्दर्शकाने हट्टाने तिथे संगीत ठेवलं नव्हतं. संवाद तर नव्हताच.

नुसती पावलं.

आणि कॅमेरा सगळा वेळ तिच्या चेहऱ्यावर. पाय दिसतच नाहीत. म्हणजे बाईच्या मनात काय चाललंय ते पावलांनीच सांगायचं.

हे काम ताईचं ठरलं होतं. तिने कादंबरी चार वेळा वाचली होती. दवाखान्यात जाईपर्यंत ती कायम तिच्या चपलांच्या पोत्यात असायची. "ही बाई मला कळलीये," ती म्हणायची. "तू हिला हात लावू नकोस. तू जिना उतरलास की पोतं घरंगळल्यासारखं वाटतं."

आता मामांची एक गोष्ट, जी ताईशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती. बायकोलाही नाही.

मामांचा डावा कान गेला होता. उजव्याला जाड आवाज यायचे, बारीक येत नव्हते. चमचा, दाराची कडी, कापडाची सळसळ... काही नाही. चार वर्षं निभावलं ते ताईमुळे. ती कायम त्यांच्या डावीकडे उभी राहायची, आणि काचेपलीकडून कोणी काही बोललं की कोपराने ढोसायची. पावलांच्या माणसाला ऐकू येत नाही हे बाहेर फुटलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून घरी बसायची पाळी होती.

आता ताईच्या जागी सुनेचा जिना मामांनाच उतरायचा होता. पहिला टेक झाला.

काचेपलीकडे दिग्दर्शकाने मान वाकडी केली. स्पीकरमधून त्याचा आवाज आला.

"मामा... मागे कोण चालतंय?"

"कोण चालणार? मीच आहे इथे."

"नाही. तुमच्या पावलामागे अजून एक पाऊल येतंय. एकदम हलकं."

"मलाही येतंय, मामा," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

त्यांनी टेक वाजवून दाखवला. मामांनी उजवा कान पुढे केला. त्यांना फक्त स्वतःचं धप-धप ऐकू आलं.

पण कबूल कसं करणार? त्यांनी मान डोलावली. "हां हां. टाच घासतेय माझी. काढून टाकतो."

इथेच फसले. एकदा ऐकू आलं म्हटल्यावर आता ते काढून दाखवणं भाग होतं.

दुसरा टेक. "अजून आहे, मामा."

टाचांना कापड गुंडाळलं. "आहे."

घड्याळ काढलं, पँट दुमडली, एसी बंद करवला, फळी बदलली. "आहे अजून. उलट आता जास्त स्पष्ट येतंय."

आठव्या टेकला खोलीत घाम फुटला होता. दहाव्याला दिग्दर्शकाचा तोल सुटला. "अहो मामा, एवढं साधं काम..."

"साधं आहे ना? मग ये इकडे, तूच चाल!"

अकराव्या टेकनंतर मामांनी फळीला लाथ घातली. अंगठा ठेचला ते वेगळंच. तसेच लंगडत ते काचेपलीकडे गेले. "दाखव मला. नक्की कुठे आहे ते दाखव."

रेकॉर्डिस्टने स्क्रीनवर बोट ठेवलं. आवाजाची रेघ होती. मामांच्या प्रत्येक पावलाला एक जाड उंचवटा. आणि त्याच्या जरा मागे... अजून एक. बारका. त्याला एक पातळ शेपूट.

ऐकू येत नसलं तरी दिसत होतं.

आणि ती शेपूट मामांनी लगेच ओळखली.

ताईचा उजवा घोटा एकदा मोडला होता. तेव्हापासून पाऊल टेकलं की ते किंचित ओढलं जायचं. ही शेपूट एकाआड एकच होती. फक्त उजव्या पावलाला.

"अजून एक गंमत बघा," रेकॉर्डिस्ट हळूच म्हणाला. "तुम्ही तेरा पायऱ्या सलग उतरलात. हे पाऊल नऊ पायऱ्या उतरतं... आणि थांबतं. चार सेकंद. मग उरलेल्या चार."

"कितव्या टेकमध्ये?"

"अकराच्या अकरा टेकमध्ये."

मामा आत गेले. खुंटीवरचं पोतं काढून घेऊन आले. चपलांच्या खाली कादंबरी होतीच. शेवटच्या प्रकरणात, समासात, ताईने पेन्सिलीने लिहिलं होतं: 'नवव्या पायरीवर थांबते. वर मुलगी कूस बदलते, ते ऐकते. वळत नाही.'

दिग्दर्शकाने वाचलं आणि खुर्चीत बसला.

"छापील पुस्तकात हे नाहीये," तो म्हणाला. "शूटिंगच्या वेळी मी नटीच्या कानात सांगितलं होतं. नवव्या पायरीवर श्वास रोखून धर म्हणून. तिसऱ्या कोणाला माहीत नाही."

मामांना भीती नंतर वाटली. आधी आला तो राग. सत्तावीस वर्षांचा साठलेला राग.

"गेलीस तरी भरवसा नाही ना तुझा माझ्यावर!" पोतं घेऊन ते परत काचेच्या आत आले आणि त्याच्यावर ओरडले. "दुपारभर माझी शोभा केलीस! कर मग! तूच कर! मी हातसुद्धा लावत नाही!"

आणि ते फळीपासून दूर, गालिच्यावर, हाताची घडी घालून उभे राहिले.

रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला.

दिग्दर्शकानेच लावला होता.

पडद्यावर धाकटी सून जिन्याच्या टोकाशी आली. खोलीत कोणी चालत नव्हतं. मामांनी उजवा कान ताणला.

काही नाही.

ना फळी, ना फरशी.

पण काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने हेडफोन काढला... हेडफोनकडे बघितलं... आणि परत घातला. दिग्दर्शकाचे ओठ हलत होते. तो मोजत होता. सात... आठ... नऊ.

ओठ थांबले.

मामांनीही श्वास रोखला.

मग ओठ परत हलायला लागले. तेरा झाले. दिग्दर्शकाची नजर फळीवरून फरशीच्या तुकड्याकडे सरकली. तिथून अजून पुढे सरकली... आणि मामांच्या डाव्या बाजूला येऊन थांबली.

मामांनी डावीकडे पाहिलं.

कोणी नव्हतं.

लाल दिवा विझला. मग स्पीकर खरखरला.

"हाच टेक. काय होतं ते मला विचारू नका, मीही तुम्हाला विचारणार नाही. मला हे हवंय. बस." दिग्दर्शक म्हणाला. "तुम्हाला कसं वाटलं, मामा?"

"चांगलं," मामा म्हणाले. "चांगलं झालंय."

रेकॉर्डिस्टने त्याच संध्याकाळी बॅग उचलली. तो परत त्या खोलीत बसला नाही.

सिनेमा लागला तेव्हा मामा बायकोला घेऊन गेले. तो प्रसंग आला. शेजारचा माणूस पॉपकॉर्न चावायचा थांबला. पुढच्या रांगेतली एक बाई नाक पुसत होती. बायकोने मामांचा हात गच्च धरला आणि उजव्या कानाशी कुजबुजली, "अहो, हे तर आपल्या ताईंचं पाऊल!"

"हो ना," मामा म्हणाले.

त्यांच्यासाठी पडद्यावर एक बाई मुक्याने चालत होती. अख्ख्या थिएटरने त्यांच्या बहिणीला ऐकलं. एकट्या सख्ख्या भावाला ती ऐकू आली नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण त्यानंतर रोज, चारच्या सुमाराला, घरात बायको बोलता बोलता थांबायला लागली. हातातलं भांडं तसंच. मान जराशी जिन्याकडे. मामा समजून उमजून मान डोलवायचे, जणू त्यांनाही ऐकू येतंय. मग ती पुन्हा बोलायला लागली की समजायचं, ताई येऊन गेली.

कानाचं मशीनही गुपचूप आणून झालं. चमचा ऐकू आला. दाराची कडी ऐकू आली. नळाची टपटप तर नको तितकी ऐकू आली.

ते पाऊल नाही.

परवा बायको थांबली ती थांबलीच. पाच मिनिटं झाली. दहा झाली. चहा गार झाला. मामांना राहवेना.

"गेली का?"

बायको वळली. "म्हणजे? तुम्हाला ऐकू येत नाही?"

आणि मामांचा बांध फुटला. "नाही येत! पाच वर्षं झाली, डावा कान गेलाय माझा! उजवाही अर्धाच आहे! तिला एकटीला माहीत होतं, आणि ती मला सोडून सगळ्यांना ऐकू येतेय! झालं समाधान?"

बायको त्यांच्याकडे बघत नव्हती. जरा बाजूला बघत होती.

"त्या गेलेल्या नाहीत," शेवटी ती हळूच म्हणाली. "पावलं आली... आणि तुमच्या डावीकडे थांबली. आज परत फिरलीच नाहीत."

मामांनी डावीकडे पाहिलं नाही. त्यांनी फक्त डावा हात अंगापासून जरासा लांब केला, आणि वाट बघत बसले.

कोणी ढोसलं नाही.

अजून तरी नाही.