बिनदाराची खोली

भर उन्हात तासभर इतवारीचा बाजार पालथा घालून सुशील बोटाच्या पेराएवढी एक बाहुली घेऊन घरी आला, तेव्हा त्याच्या बायकोने, कामिनीने, कपाळाला हात लावला. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून या माणसाला सीताबर्डीच्या किल्ल्याच्या प्रतिकृतीने झपाटलं होतं. मौद्याहून वीजकेंद्राच्या राखेच्या विटा आणायच्या, करवतीने त्यांचे नखाएवढे तुकडे करायचे, भिजवायचे आणि एकावर एक रचायचे. हुडकेश्वरच्या घराची बैठक त्या किल्ल्याने दीड वर्ष अडवून ठेवली होती.

"मॉडेलात एक तरी माणूस ठेवाच लागते वं," तो म्हणाला. "नाहीतर इमारत केवढी, ते पाहणाऱ्याले कसं समजन?"

"मग हिरवं लुगडं काहून? माह्यासारखं? मले नका उभं करू बरं सगळ्या जगासमोर."

"बरं, मंग आत बस," म्हणत त्याने थट्टेने बाहुली किल्ल्याच्या आतल्या खोलीत ठेवली. ही खोली त्याने प्रत्यक्षात कधी पाहिली नव्हती. तिचं दार कुठल्या अंगाला असेल, ते माहीत नाही म्हणून त्याने दार ठेवलंच नव्हतं. वर छत बसवलं, पिचकारीने पाणी मारलं आणि तो जेवायला उठला.

जेवणं झाली. बाहेर लूचे गरम वारे सुटले होते. कामिनी वाळवणाच्या कुरोड्यांचा डबा आणायला मागच्या कोठीत गेली. तेवढ्यात लाइन गेली, कूलर थांबला आणि घर एकदम मुकं झालं.

"अहो... दार काहून लावलं?"

"मी कुठं लावलं?"

तो गेला. कोठीच्या दाराच्या जागी सपाट भिंत होती. त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत तळवा फिरवला. हाताला ओल लागली. ओल्या राखेचा वास आला.

"लवकर करा ना जी... दम घेता नाही येऊन राहिला..."

त्याने पहार घातली. भिंतीवर ओरखडाही उठला नाही. पलीकडे ती नखांनी भिंत खरवडत होती, आणि तसंच बारीक खरवडणं बैठकीतूनही ऐकू येत होतं. बिनदाराच्या खोलीतली बाहुली सुशीलला आठवली. तो धावत किल्ल्यापाशी आला. हातोडा उचलला आणि क्षणभर थबकला. दीड वर्षाची मेहनत! त्या थबकण्याची त्याला लगेच लाज वाटली. मग त्याने बेभान होऊन घाव घातले, खोलीच काय, सगळा किल्लाच भुईसपाट केला.

मागे दार करकरलं. राखेने माखलेली कामिनी बाहेर आली. तिचा हात घट्ट धरून तो लहान मुलासारखा रडला. तिने पदराने त्याचे डोळे पुसले.

जरा वेळाने त्याने मान वळवली. कोठीच्या दाराच्या जागी पुन्हा भिंत होती.

"अहो..." भिंतीआडून कामिनीचा आवाज आला, अगदी थकलेला. "ती बाई गेली काय बाहेर? आता मले काढा ना जी..."

बैठकीत फोडायला काही उरलं नव्हतं. सुशीलने शेजारच्या बाईच्या हातातून आपला हात सोडवून पाहिला. तो सुटला नाही.