चौऱ्याऐंशी आणि सोळा

चित्रपटगृहाच्या बाहेर पडायच्या दारावर दोन आकडे उमटले. महांतेश आवटी : ९१. यासीन मुल्ला : १४.

आवटी सर जागच्या जागी थांबले. मागून येणाऱ्या बाईंनी त्यांना वळसा घातला, स्वतःचा ८८ पाहिला आणि त्या समाधानाने निघून गेल्या. यासीन मुल्ला मात्र आकड्याकडे न बघताच पुढे गेले होते आणि पायऱ्या उतरून चपलेत शिरलेला खडा काढत होते.

"यासीन, इकडं ये. चौदा दाखवतंय."

"दाखवू दे की."

"अरे, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलास. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसलास. चौदा कसं असेल?"

"चल, चहा घेऊ," मुल्ला म्हणाले.

सन २०६१ मध्ये चित्रपट कसा वाटला, हे कुणी कुणाला विचारत नसे. वीस वर्षांपूर्वी लेखी अभिप्रायांचा असा सुळसुळाट झाला होता की, त्यातला माणसाने लिहिलेला कोणता आणि यंत्राने लिहिलेला कोणता, हे ओळखणं अशक्य झालं. चित्रपट लागायच्या आधीच त्यावर लाखभर अभिप्राय येऊन पडत. मग साक्षखुर्ची आली. या खुर्चीच्या पाठीत, हातांवर आणि समोरच्या पट्टीत बारीक संवेदक होते. बसणाऱ्याचा श्वास, नाडी, तळहाताचा ओलावा आणि चेहऱ्याच्या स्नायूंची हालचाल ते टिपत. त्यातून शंभरपैकी एक आकडा निघे. त्याला देहमत म्हणत. माणूस तोंडाने काहीही बोलेल, पण शरीर खोटं बोलत नाही, असा त्यामागचा विचार होता. देहमत नावानिशी जाहीर होई आणि कोणते चित्रपट निघायचे, हे त्यावरच ठरे.

आवटी आणि मुल्ला यांची मैत्री मिरजेत कॉलेजात जमली, त्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. आवटी पुढे शाळेत चित्रकला शिकवू लागले. मुल्लांनी गॅरेज काढलं. लग्नं झाली, मुलं परगावी गेली, आवटींच्या पत्नी वारल्या. पण महिन्यातल्या एका रविवारी दुपारचा खेळ दोघांनी मिळून बघायचा, हे कधी चुकलं नाही.

त्या रविवारचा चित्रपट होता 'कोळसे आणि काझी'. १९८६ सालची मुंबई. म्हणजे या दोघांच्या आईवडिलांच्या तरुणपणाचा काळ. नोकरीवरून काढलेला हवालदार कोळसे आणि तिजोऱ्या फोडणं सोडून दिलेला काझी मिळून गुप्तहेरगिरीचा धंदा उघडतात. एकमेकांशी एक मिनिट पटत नाही. कोळसे सरळमार्गी, काझी लबाड. साइडकार लावलेल्या स्कूटरवरून पाठलाग, ठोसा बसायच्या आधीच ऐकू येणारा ठोशाचा आवाज, रुंद कॉलरचे शर्ट, आणि तारेने बांधलेला टेलिफोन कानाला लावून सबंध खोलीभर पळणारा खलनायक. कथेत काही नवं नव्हतं. पण चित्रपटगृह अक्षरशः लोळत होतं. देशभरात सरासरी देहमत होतं चौऱ्याऐंशी.

चौदा हा आकडा यासीन मुल्लांच्या नावापुढे सगळ्या गावाला दिसत होता. गॅरेजवर येणारे लोक थट्टा करू लागले. "चाचा, तुम्हाला हसू येत न्हाई म्हणं?" मुल्ला ऐकून सोडून देत. आवटींना ते सोसेना. पस्तीस वर्षं त्यांनी मुलांची चित्रं तपासली होती आणि एकाही मुलाला चुकीचा गुण दिला नव्हता. त्यांनी देहमत मंडळाकडे रीतसर तक्रार केली : खुर्ची नादुरुस्त आहे, माझ्या मित्राचं मत दुरुस्त करून मिळावं.

"कशाला हे उद्योग?" मुल्ला म्हणाले. "राहू दे की तसंच."

"चूक ती चूक. तशीच कशी ठेवायची?"

तक्रार आली की तपासणी करणं मंडळाला बंधनकारक होतं. दोघांना पुण्याच्या प्रयोगशाळेत बोलावणं आलं. तिथे डॉ. अन्विता शेजवळ यांनी त्यांना बसवून घेतलं. त्या चाळिशीच्या होत्या आणि साक्षखुर्चीचं गणित मांडणाऱ्या गटातल्या होत्या.

"सर, खुर्ची मी स्वतः तपासली," त्या म्हणाल्या. "ती ठीक आहे."

"मग हा हसत होता ते काय?"

"हसत होतेच. हसण्याची नोंद आहे, एकशे बारा वेळा. पण हसणं दोन प्रकारचं असतं." त्यांनी पडद्यावर दोन रेषा काढून दाखवल्या. "एखादी गोष्ट तुम्हाला स्वतःला गमतीची वाटली, की आधी डोळ्यांचे कोपरे आकसतात, श्वास तुटतो आणि मग आवाज येतो. याला आम्ही स्वहास्य म्हणतो. दुसऱ्याचं हसणं ऐकून तुम्हाला हसू आलं, तर क्रम उलटा असतो. आधी कान, मग आवाज, डोळे सगळ्यात शेवटी. हे सहहास्य. दोन्हींत अर्ध्या सेकंदाचाही फरक नसतो. माणसाला स्वतःला तो कळत नाही. खुर्चीला कळतो. देहमतात आम्ही फक्त स्वहास्य धरतो."

"म्हणजे हा नाटक करत होता?"

"नाही. सहहास्यही खरंच असतं. फक्त ते चित्रपटामुळे आलेलं नसतं." त्या मुल्लांकडे वळल्या. "मुल्लाभाई, तुमच्या गेल्या नऊ वर्षांच्या नोंदी आहेत. एकशे आठ चित्रपट. सरासरी तेरा. सांगू ना हे?"

"सांगितलंच की आता," मुल्ला म्हणाले.

आवटी त्यांच्याकडे बघत राहिले. "तुला सिनेमे आवडत नाहीत?"

"हे हाणामारीचे, हेरगिरीचे न्हाई आवडत. कधीच न्हाई आवडले."

"अठ्ठेचाळीस वर्षं?"

"तू हसलास की मला हसू येतं, महांतेश. मग मी तुझ्याकडं बघतो, तू आणखी हसतोस. त्यात मज्जा येते. समोर काय चाललंय, त्याच्याशी मला काय करायचंय?"

एवढी वर्षं आपण याला आपल्या आवडीमागे ओढत आणलं आणि आपल्याला पत्ताही लागला नाही, याची आवटींना लाज वाटली. लाजेच्या खाली थोडा रागही होता.

डॉ. शेजवळ नोंदी चाळत होत्या. एका ठिकाणी त्या अडखळल्या. आवटींच्या रेषेत काहीतरी त्यांना विचित्र वाटलं. "सर, एक विनंती आहे. हाच चित्रपट तुम्ही आत्ता इथे एकट्याने बघाल?"

"आनंदाने. मला तो पुन्हा बघायचाच होता."

आवटी शेजारच्या खोलीत गेले. सव्वादोन तासांनी बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात चष्मा होता आणि ते तो उगाचच पुसत होते.

"किती?" मुल्लांनी विचारलं.

"सतरा."

"एकदा पाहिलेला होता म्हणून असेल."

"नाही, तेवढी घट आम्ही हिशेबात धरलेली आहे," डॉक्टर म्हणाल्या. "सर, मिरजेच्या खेळात प्रत्येक वेळी हसू फुटायच्या आधी तुमची मान डावीकडे वळली आहे. मुल्लाभाई बसले होते त्या बाजूला. ते हसणार, ही तुमच्या शरीराला खात्री असते. त्या अपेक्षेनेच तुमचे डोळे आधी आकसतात. खुर्चीला ते स्वहास्य वाटलं. ही आमची चूक आहे, खुर्चीची नव्हे. असं होऊ शकेल, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं."

"म्हणजे मी याच्यामुळे हसत होतो आणि हा माझ्यामुळे?"

"हो."

"मग सिनेमाला कोण हसत होतं?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला डॉ. शेजवळांना दोन महिने लागले. त्यांनी 'कोळसे आणि काझी' आधी भरल्या चित्रपटगृहात पाहिलेले दोनशे चाळीस प्रेक्षक निवडले आणि प्रत्येकाला तो एकट्याने दाखवला. गर्दीत सरासरी चौऱ्याऐंशी होती. एकट्याने ती सोळा आली. तो चित्रपट मनापासून आवडलेला माणूस दोनशे चाळिसांत एकही सापडला नाही.

निष्कर्ष मंडळाला कळवायच्या आधी त्यांनी दोघा मित्रांना पुन्हा बोलावून घेतलं. तसं करण्याची गरज नव्हती, पण ही गोष्ट त्यांच्या तक्रारीतून निघाली होती.

"तसं पाहिलं तर दोन्ही आकडे खरे आहेत," त्या म्हणाल्या. "पण मंडळाच्या घटनेत देहमताची व्याख्या आहे : त्या व्यक्तीचं स्वतःचं मत. त्या व्याख्येने सोळा हाच आकडा बरोबर ठरतो. चौऱ्याऐंशी ही चूक ठरते. आणि मग गर्दीत मोजलेले सगळेच आकडे चुकीचे ठरतात. मी हे लिहिलं, तर सगळं बदलेल. नाही लिहिलं, तर सहसा कुणाच्या लक्षात येणार नाही."

"लिहू नका," मुल्ला लगेच म्हणाले. "लोक हसत होते, डॉक्टर. पोट धरून हसत होते. ते कुणामुळं हसत होते, याची उठाठेव आपल्याला कशाला?"

डॉक्टरांनी आवटींकडे पाहिलं. त्यांना स्वतःला काय वाटत होतं, ते त्यांनी दाखवलं नाही. पण त्या उत्तराची वाट बघत होत्या, हे स्पष्ट होतं.

"मी याच्यासाठीच तक्रार केली होती," आवटी म्हणाले. "आकडा चुकलाय, दुरुस्त करा, म्हणून. आता माझाच चुकलेला निघाला, तर गप्प बसा म्हणू? जे आहे ते लिहा."

"महांतेश," मुल्ला म्हणाले.

"जे आहे ते लिहायला पाहिजे, यासीन."

डॉ. शेजवळांनी अहवालावर सही केली.

पुढचं सगळं वर्षभरात घडलं. 'कोळसे आणि काझी'चं देहमत सोळावर आणलं गेलं आणि त्याच्या दुसऱ्या भागाचं चित्रीकरण थांबलं. दिग्दर्शिकेने प्रयोगशाळेत फोन करून एकच विचारलं : माझा सिनेमा कुणालाच आवडला नव्हता का? डॉ. शेजवळांनी तिला दोन्ही आकडे समजावून सांगितले. तिने आभार मानून फोन ठेवला.

मत शुद्ध मिळावं, म्हणून चित्रपटगृहांत एकासनं बसवली गेली. एकासन म्हणजे एका माणसापुरती बंद कुपी. आतला आवाज बाहेर जात नसे, बाहेरचा आत येत नसे. आता चित्रपट एकट्या प्रेक्षकासाठी निघू लागले आणि ते खरोखर चांगले होते. सरासरी देहमत त्र्याहत्तरवर गेलं. पूर्वीच्या चौऱ्याऐंशीपेक्षा ते कमी होतं, पण त्यातला गुण न् गुण अस्सल होता.

यासीन मुल्लांनाही स्वतःची आवड पहिल्यांदाच सापडली. खोल समुद्रातल्या जीवांवरचे संथ, बिनसंवादाचे चित्रपट ते तासन् तास बघत. एकदा त्यांचं देहमत शहाण्णव आलं. रविवारी दोघे अजूनही एकत्र जात. आवटी तीन नंबरच्या दालनात शिरत, मुल्ला सातच्या. बाहेर आल्यावर चहा घेत. कसा होता? चांगला होता. तुझा? माझाही.

एका सकाळी प्रयोगशाळेत आवटी सरांचा फोन आला.

"डॉक्टर, एक विचारायचं होतं. ते जे तुम्ही आम्हाला सांगितलंत, आधी कान की आधी डोळे, ते माहीत नसल्यासारखं करता येतं का?"

"म्हणजे, सर?"

"काल यासीन घरी आला होता. गॅरेजवरचा एक किस्सा सांगत होता. एका गिऱ्हाइकाने आपली समजून शेजाऱ्याची गाडी दुरुस्तीला आणून सोडली, असं काहीतरी. मला हसू आलं. चांगलं मोठ्याने हसलो. तर तो मध्येच थांबला आणि म्हणाला, खरंच हसतोयस, का माझ्यासाठी?"

"मग?"

"खरंच, म्हणालो मी. पण म्हणता म्हणता मी आठवायला लागलो, आधी काय झालं होतं? किस्सा गमतीचा वाटला होता, का तो सांगताना त्याचं तोंड हसरं झालं, म्हणून मी हसलो? मला सांगता येईना. त्याला ते दिसलं."

डॉ. शेजवळ ऐकत होत्या. प्रयोगशाळेत त्या वेळी आणखी कुणी नव्हतं.

"मुल्लाभाई काय म्हणाले?"

"म्हणाला, तुमच्याकडं पुण्याला येऊन खुर्चीत बसूया का दोघं. किस्सा तो पुन्हा सांगेल."

"थट्टा करत असतील ते."

"मलाही तसंच वाटलं," आवटी म्हणाले. "म्हणून मी हसलो. तो नाही हसला."