पाच हातांचा ऑक्टोपस

कालिओ आली होती फक्त एका झाकणासाठी. दर शनिवारी हरभरे शिजवायच्या मातीच्या भांड्याचं झाकण तिच्या हातून फुटलं, आणि आईने तिला खाली किनाऱ्यावर, याकुमीच्या भट्टीवर पिटाळलं.

याकुमी कोपरापर्यंत चिखलात होता. समोर मातीचा ऑक्टोपस मातीच्याच धुराड्याला आठही हातांनी मिठी मारून बसलेला... बहिणीच्या नव्या घरासाठी. महिन्याअखेरच्या रविवारी तिचं लग्न. त्याआधी हे धुराडं छपरावर चढायला हवं होतं.

"असं टक लावून बघू नकोस," तो म्हणाला. "लाजतो तो."

"तो, की तू?"

झाकण मिळालं, तरी कालिओ दुसऱ्या दिवशी आली. मग रोजच. खारा वारा केस विस्कटायचा आणि ती मातीच्या हातांनीच ते मागे सारायची. याकुमी बघायचा, नजर भिडली की उगाच माती मळायचा. त्याने दिलेल्या गोळ्यातून तिने एक गोलमटोल, पोकळ मासा केला. याकुमीने बोरूने त्याच्या पोटाला भोक पाडलं. आतल्या वाफेला वाट हवी, म्हणाला. तो पाणी आणायला वळला, आणि कालिओला ते भोक इतकं ओंगळ दिसलं की तिने बोटभर ओल्या मातीने ते हळूच बुजवलं. त्याला मासा सुंदर दिसावा... एवढंच.

भट्टी उघडली तेव्हा माशाच्या नुसत्या खपल्या होत्या. शेजारच्या ऑक्टोपसचे तीन हात गळून पडलेले.

बहीण तडक बाहेर गेली. याकुमीचे काका बोलले. माती वाळू द्यायची अक्कल नाही आणि म्हणे भट्टी चालवतो. याकुमीने मान खाली घातली. "घाई झाली माझी."

कालिओ दारातच होती. कान तापले, पण तोंड उघडेना. ती तशीच घरी गेली, आणि नखांतली माती धुतली तरी जाईना.

रविवारी पाच हातांचा ऑक्टोपस छपरावर चढला. अंगणात पंगत बसली, आणि वाइन पोटात गेल्यावर काकांनी सगळ्यांसमोर पुन्हा तोच विषय काढला. याकुमी ताटाकडे बघत राहिला.

कालिओ उठली. "त्याने भोक पाडलं होतं. मी बुजवलं. माझा मासा फुटला म्हणून ते हात तुटले."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ती तिथे थांबूच शकली नाही. फाटकापाशी मागून पावलं आली.

"आधी का नाही सांगितलंस?" याकुमीचा आवाज दुखावलेला होता. "मला वाटलं, माझे हातच बिघडले. तेव्हापासून मातीला शिवलो नाहीये मी."

"लाज वाटली..." तिची नजर त्याच्या चपलांवरून वर येईना. "अजून वाटतेय."

त्याने वर पाहिलं. छपरावर ऑक्टोपसच्या डोक्यातून धूर निघत होता.

"समुद्रातल्याचे हात तुटले तर परत उगवतात," तो म्हणाला.

"आणि मातीच्याचे?"

"करावे लागतात. एकट्याला जमणार नाही."

"या वेळी भोक ठेवीन मी... नक्की."

"हातांना भोक लागत नसतं, कालिओ," तो म्हणाला, आणि आपला तळहात तिच्यापुढे उघडा धरला. "उद्या लवकर ये. झाकण फोडायची गरज नाही."