तोडलेल्या डोंगरावरचा फुटवा

आपल्या नाथाचा बाप सटवा तुमी बघितलाय. शेळ्या राखतो, खोटं बोलणारा माणूस न्हाई. त्याच्या जिवावर बेतलेलं सांगतो.

गेल्या सालची त्रिपुरी पुनव. धारूरच्या अलीकडचा धावड्याच्या झाडांचा डोंगर ठेकेदारानं तोडून दोन-तीन पावसाळे झालते. तोडीच्या वक्ताला सटवाबी लाकडं वाहायला होता. आता वर नुसती खोडकं, आन् खोडकांना आलेला गुडघाभर फुटवा. शेळ्यांना लई गोड लागतो तो.

दिवेलागणीला चतुराबाई नवऱ्याला म्हणाली, "काबरी शेळी न्हाई आली माघारी. गाभण हाय ती."

"लांडगं हायत तिकडं. बघून येतो," म्हणत सटवानं काठी उचलली.

तो वर पोचला तवर चांद चांगला वर आलता. टिपूर चांदणं. शेळी लांबूनच दिसली. मागच्या दोन पायांवर उभी. पुढचे पाय वर टेकवलेले, मान ताणलेली, पाला ओरबाडत होती. झाडाला लागून शेळी उभी राहते ना, तशी.

पण तिथं झाड नव्हतं.

"काबरे... ये."

शेळीनं वळून पाहिलं. तोंड हलतच होतं.

सटवाची नजर आपल्या हातावर गेली. हातावर सावली. वर पाहिलं तर आभाळ साफ. सावली हलत होती. डोंगर तुटल्यापासून तिथून परळीच्या वीजघराच्या चिमण्यांचे लाल दिवे दिसायचे. तेबी दिसेनात.

वारं न्हाई. तरी डोक्यावर पाला सळसळला.

मग... कर्र...

तो आवाज सटवाच्या ओळखीचा. झाड पडायच्या आधी खोड तसं करकरतं. तोडीच्या वेळी माणसं बाजूला पळायची. पण तवा झाड दिसायचं. आता पळावं कुठं?

कर्रर्र...

शेळी खातच होती.

सटवा उतारानं धावला. मागून वारा आला. जमीन हादरली.

मग काहीच न्हाई. शेळी ओरडलीसुद्धा न्हाई...

सकाळी नवरा-बायको दोघं गेले. शेळी मरून पडलेली. पाठ मोडलेली, पण दाताची खूण न्हाई. तिथल्या मोठ्या खोडकापासून खाली, एका सरळ पट्ट्यात, सगळा फुटवा मातीत दाबलेला. पट्टा सरतो तिथं, अगदी लागून, सटवाच्या पायाचा ठसा.

चतुराबाईनं ठशावरनं पट्ट्याकडं बघितलं. "घरी चला," एवढंच म्हणाली.

बाकीचा फुटवा आता कमरेला लागतो. त्या पट्ट्यात अजून काडी उगवली न्हाई. जाऊन बघा. पण दिवसा जा.