नावाच्या बदल्यात नाव

सोलापुरातल्या एका शाळेत मराठी शिकवणारे हे सर बारा वर्षं एकच कादंबरी लिहीत होते. त्यातलं जग पुरतं मनातलं. नद्या, घाट, किल्ले, सगळी सरांचीच करणी. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात, फ्रिजशेजारच्या भिंतीवर त्या जगाचा मोठा नकाशा लावलेला होता. अडत होतं ते एकाच ठिकाणी. नावं सुचत नव्हती. सुचायची ती स्वर्णपुरी, तमसगड, चंद्रनगरी अशी. टीव्हीवरच्या पौराणिक मालिकेतून भाड्यानं आणल्यासारखी. कधी तरी मुखपृष्ठावर आपलं नाव छापलेलं पाहायचं, एवढी एकच हौस त्यांनी आयुष्यात धरली होती.

आणि पुस्तक आलं ते त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीचं, श्रावणीचं. तेही असल्याच कल्पित जगाचं. वाचणारा जो तो त्यातल्या नावांवर फिदा. निजवण, वाकजळी, कोरणघई… सरांनी ती नावं वाचली आणि त्यांचा नुसता जळफळाट झाला. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. वर पहिल्या पानावरची अर्पणपत्रिका अशी: ‘मला लिहायला शिकवणारे माझे सर’, मग नावापुरती कोरी जागा, आणि खाली ‘यांना’. एवढं पुस्तक निगुतीनं छापलं आणि गाळायला नेमकं माझंच नाव सापडलं काय, असं सरांनी मनात धरलं ते धरलंच.

श्रावणीच्या सत्काराच्या दिवशी तोंडात पेढा धरून त्यांनी विचारलं, “नावं बरी सुचली गं तुला?”

“सुचली नाहीत सर, मिळाली. माढ्याच्या पुढं, उजनीच्या काठाला केराबाई म्हणून एक म्हातारी आहे. धरणात बुडालेल्या त्यांच्या गावातलं एकेक वावर तिला नावानिशी पाठ आहे. तुम्ही जाच सर.”

इतक्या मोकळेपणानं तिनं सांगून टाकलं, याचासुद्धा सरांना रागच आला.

मे महिन्यातल्या रविवारी सरांनी मोटारसायकल काढली. पोचले तेव्हा ऊन बरोबर डोक्यावर होतं. पाणी पार मागं हटलेलं. भेगाळलेल्या चिखलातून मोटारींच्या पाइपा पाण्याचा माग काढत लांबपर्यंत गेलेल्या. मध्येच बुडालेल्या घरांची जोती वर आली होती. सुकलेल्या शेवाळाचा आणि मेलेल्या मासळीचा वास होता. एका बाभळीखाली चार शेळ्या राखत केराबाई बसली होती.

“तुमी बी नावालाच आलाव, न्हव?” तिनं न विचारताच ओळखलं. “कुटलंबी न्या. पर एक हाय. नाव न्ह्यायचं तर त्या जागंला दुसरं ठिवून जायचं. बिननावाची जागा माणसाला हाका मारती. बुडाली म्हून काय झालं, जागा ती जागाच की.”

“दुसरं म्हणजे कुठलं?”

“झाडाचं ठिवा, जनावराचं ठिवा. जित्या माणसाचं तेवडं नगं. मग ते त्या माणसाकडं ऱ्हात न्हाय.” तिनं पाण्याच्या कडेला उभ्या असलेल्या चिंचेच्या काळ्या खोडाकडं बोट केलं. “गेल्या उन्हाळ्यात त्या पोरीनं निजवण नेली आन म्या सांगायच्या आदीच तितं एका माणसाचं नाव ठिवून बसली. लई मायेचं माणूस हाय म्हनली.”

“काय नाव ठेवलं?”

म्हातारी सावकाश म्हणाली, “यज्ञेश्वर.”

सर हरखलेच. कसं घुमणारं नाव! कधी कानावर न पडलेलं, कोरं करकरीत. आपल्या राजधानीला याहून शोभणारं नाव मिळायचं नाही.

“मला हेच पाहिजे.”

“मग तितं काय ठिवता?”

सरांच्या खिशातल्या वहीत बारा वर्षांची नावं होती. तमसगड ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण डोळ्यांपुढं ती कोरी जागा आली, हार आले, टाळ्या आल्या.

“श्रावणी,” सर म्हणाले.

त्याच वेळी वीज गेली. काठावरच्या साऱ्या मोटारी एकदम थांबल्या. एवढं मोठं पाणी, पण काही म्हणजे काही आवाज नाही… आणि मग चिंचेच्या खोडापलीकडून, पाण्यातून, कुणीतरी ओ दिली.

“ओ…”

शेळ्यांनी माना वर केल्या. वर्गात पाच वर्षं हजेरी घेताना त्यांनी हाच आवाज ऐकला होता.

केराबाई शेळ्या गोळा करायला उठली. “सांगितलं व्हतं की…” ती पुटपुटली. मग वळून तिनं विचारलं, “तुमचं नाव काय म्हनला, पावनं?”

सरांनी तोंड उघडलं. “मी… मी मराठीचा शिक्षक आहे.” उन्हानं डोकं फिरलं असेल, असं म्हणून त्यांनी गाडीला किक मारली.

उजेड होता तोवर ते घरी पोचले. लाल शाईनं त्यांनी नकाशावर राजधानीच्या जागी लिहिलं: यज्ञेश्वर. तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर नुसता नंबर होता.

“सर…” बाईमाणसाचा आवाज. एवढ्या उन्हाळ्यात तिचे दात वाजत होते. “सर, मी बोलतेय… मी… लोक नाव विचारतायत आणि मला…”

आवाज ओळखीचा होता. तिला नावानं हाक मारावी म्हणून सरांनी जीभ हलवली, पण जिभेवर काहीच येईना. भीती तर वाटलीच. पण खोटं कशाला बोला, त्या भीतीखाली कुठंतरी गारही वाटलं. त्यांनी फोन ठेवून दिला.

त्यांची बायको प्रभा तांब्या घेऊन आली. ती त्यांना ‘अहो’ म्हणायची, शाळा ‘सर’ म्हणायची. वर्षभरात नाव घ्यायची वेळ कुणावर आलीच नव्हती. सरांनी तांब्या तोंडाला लावला आणि बोटांना कोरलेली अक्षरं लागली.

“प्रभा, हे काय लिहिलंय?”

“अहो, आपल्या लग्नातला तांब्या ना हा? माझं नि तुमचं…” हसत हसत तिनं तो उजेडाकडं धरला. मग तिचं हसू थांबलं. लहान मूल पहिल्यांदा वाचतं तसं एकेक अक्षर लावत ती म्हणाली, “प्रभा… आणि… यज्ञेश्वर…”

सरांचे ओठ मिटलेलेच होते. तरीही भिंतीवरच्या नकाशातून, लाल शाई अजून ओली होती तिथून, त्यांच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, “ओ…”