तळ्याला वाहिलेला नारळ

नारळी पौर्णिमेला कारवारकडच्या किनाऱ्यावर जायचं, तिथल्या सरकारी उद्यानात तंबू ठोकायचे, समुद्राला नारळ द्यायचा आणि कयाक वल्हवून दमून परत यायचं, हा बंगळुरूतल्या मारतहळ्ळीच्या मराठी मंडळींचा नेम. यंदा घाटात दरड कोसळली आणि बस रद्द झाली. मग अजितनं ग्रुपवर तोडगा टाकला: सोसायटीमागचं तळं. तिथेही उद्यान आहे, कयाक आहेत, आणि वासाच्या बाबतीत तर आपलं तळं समुद्रालाही हार जात नाही.

अजित पुण्याचा. त्याला पोहता येत नसे, पण आयोजन उत्तम येत असे.

त्याची बायको उल्का मुरूडची, समुद्राकाठी वाढलेली. दोघं पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. पलीकडच्या काठावर कंपन्यांच्या काचा चकाकत होत्या, पाण्यावर मळकट फेस होता आणि मंडळी नारळीभाताच्या डब्यांभोवती फोटो काढत होती.

"नारळ टाकायचा तर टाक," उल्का म्हणाली. "पण त्याला समुद्र म्हणू नकोस. रागावेल."

"तळं?"

"तळं कशाला रागावेल?"

कयाक देणारा परसू खानापूरकडचा. त्यानं उल्काच्या लाइफ जॅकेटला लटकणारी शिट्टी दाखवली. "अक्का, भ्या वाटलं तर फुंका. न्हाय वाटलं तर उगं फुंकू नका, डोस्कं उठतंय."

"मी आणि शिट्टी?" उल्का हसली. "मुरूडात नाक कापतील माझं."

अजितनं टॉवेल उपरण्यासारखा खांद्यावर टाकला आणि पाण्याच्या कडेला उभा राहिला. समोर प्रेक्षक असले की त्याला राहवत नसे. "हे सागरा! बंगळुरूला बदली झाल्याबद्दल अभिनंदन! आमची उल्का तुझ्या पदरात घातली. सांभाळून घे!"

सगळे खो खो हसले. उल्का हसली नाही. तिनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि कयाक पाण्यात ढकलली.

अजितनं फेकलेला नारळ डुबकन बुडाला, वर आला आणि परत काठाला लागला. अजितनं तो पुन्हा फेकला, जरा जोरानं. वारा नव्हता. तरी नारळ सरळ रेषेत त्याच्या चपलांपाशी आला आणि थांबला.

"घेत नाही वाटतं," मंडळाची खजिनदार संयोगिता म्हणाली. "वाया कशाला घालवतोस? घरी ने, चटणी होईल."

नारळ उचलायला अजित वाकला, तेव्हा त्याला वास आला. गटाराचा नव्हे. मिठाचा, सुकत घातलेल्या मासळीचा. आणि पाणी त्याच्या पायांपासून हातभर मागे गेलेलं होतं.

मग आणखी हातभर. उघड्या चिखलात मासे तडफडत होते. मंडळी पाठ करून भात वाढत होती.

उल्का काठाकडेच वल्हवत होती. तिची पाठ वाकत होती, वल्हं पाणी कापत होतं, तरी कयाक लांब लांब जात होती.

तळं एवढं मोठं नव्हतं.

पलीकडच्या काचा दिसेनाशा झाल्या. काठच नव्हता. नुसती एक करडी रेघ.

"उल्का!"

तिनं हात तोंडाकडे नेला. काही ऐकू आलं नाही.

अजित चिखलात गुडघ्यावर बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं पाण्याला अहोजाहो केलं. "अहो, चुकलं. थट्टा होती. बायको परत द्या."

पाणी क्षणभर विचारात पडल्यासारखं थांबलं. मग परत आलं, काठोकाठ, निमूट. पलीकडे काचा चकाकल्या. कयाक येऊन काठाला टेकली आणि उल्का उतरली. कयाक आतून कोरडी होती. उल्का नखशिखान्त भिजलेली होती.

"काय झालं गं?"

"कुठे काय?" ती गोड हसली.

परसूनं जॅकेट उलटसुलट करून पाहिलं. "अक्का, शिट्टी कुठं गेली ओ?"

"पडली असेल."

घरी आल्यावर अजितनं विचारलं, चटणी करायची की नारळीभात. आजवर उल्कानं त्याला कोथिंबिरीची जुडीही स्वतःच्या मनानं निवडू दिली नव्हती.

"तू म्हणशील तसं," ती म्हणाली.

एरवी त्यानं पेढे वाटले असते. आज त्यानं मुकाट्यानं नारळ उचलला आणि सवयीनं कानाशी धरून हलवला.

आत पाणी डचमळलं नाही. आत लाट फुटली आणि वाळूवरून सळसळत मागे गेली. तिच्याही पलीकडे, फार लांबवर, कुणीतरी जीव खाऊन शिट्टी फुंकत होतं.

"फोडतोस ना?" मागून उल्कानं विचारलं. तिनं कोयता पुढे केला. तिच्या बोटांवरून अजून पाणी टपकत होतं.

नारळातली शिट्टी एकदम थांबली. आतूनही कुणीतरी कान लावून ऐकत असावं, तशी.